रस्त्यावर उभी गाडी, न भरलेला कर आणि चुकीच्या जागी केलेला सॉर्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात सातारा जिल्ह्यातली एक नर्स राहते. सरकारी रुग्णालयात नोकरी, भाड्याचं घर, घरासमोर रस्त्याच्या कडेला लावलेली २०१८ ची छोटी पेट्रोल गाडी. २०२५ च्या एप्रिलमध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ती मिळेल त्या विमानाने गावी गेली. परत यायला ऑगस्टची अखेर उजाडली. मधल्या काळात गाडीची किल्लीसुद्धा कुणी फिरवली नाही. तरीही त्या उभ्या गाडीपायी तिला ४७२ पौंड ५० पेन्स भरावे लागले, टो ट्रकचं भाडं वेगळं.

इथल्या मराठी मंडळींची सरकारी पत्रं वाचून देणं, उत्तरं लिहून देणं हे काम मी बरीच वर्षं करतो. त्यातलं हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की यात कुणाचीही नियत वाईट नव्हती, कुणी पत्र फाडून फेकलं नाही, पैसे भरायलाही कुणी टाळाटाळ केली नाही. तरी प्रत्येक पावलागणिक रक्कम वाढत गेली. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. नियम आणि आकडे जसेच्या तसे आहेत. तिने स्वतःच सांगितलं, "लिहा तुम्ही. दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील." तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे.

आधी मुळाशी जाऊ. महाराष्ट्रात खासगी चारचाकी घेतली की नोंदणीच्या वेळीच एकरकमी कर भरला जातो. आरटीओचा विषय तिथे संपतो तो थेट पंधरा वर्षांनी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराच्या वेळी उघडतो. त्यामुळे गाडी सोसायटीच्या आवारात वर्षभर धूळ खात पडली तरी कर थकल्याचं पत्र येत नाही. ही सवय घेऊनच आपण इकडे येतो. ब्रिटनमध्ये मात्र वाहनकर दरवर्षीचा. तिच्या गाडीला २०२५-२६ चा दर होता १९५ पौंड. एकदम भरला तर तेवढाच. दरमहा बँकेतून कापून घ्यायचा म्हटलं तर पाच टक्के जास्त, म्हणजे वर्षाला २०४ पौंड ७५ पेन्स. तिने महिन्याचा डायरेक्ट डेबिट लावला होता, आणि वर्ष संपलं की तो आपोआप पुढे चालू होतो एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावर ती निर्धास्त होती.

डायरेक्ट डेबिट आपोआप पुढे चालू होतो हे खरंच आहे, पण त्याला एक अट आहे. नूतनीकरणाच्या दिवशी गाडीचा एमओटी चालू असावा लागतो. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही याची तपासणी. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावीच लागते. तिच्या गाडीचा कर ३१ मे रोजी संपत होता आणि एमओटी त्याच्या आठवडाभर आधी. दोन्ही तारखा इतक्या जवळजवळ होत्या की एक चुकली की दुसरी चुकणारच. एमओटी संपला, १ जूनला संगणकाने पाहिलं, गाडीला एमओटी नाही, म्हणून कराचं नूतनीकरण केलं नाही. तसं कळवणारं पत्र घरच्या पत्त्यावर आलं आणि दाराच्या आत पायपुसण्यावर पडून राहिलं. बँकेतून पैसे कापले जाणं बंद झालं, पण साताऱ्यातल्या रुग्णालयात बसून इंग्लंडच्या खात्यातले सतरा पौंड गेले नाहीत हे कोण तपासणार?

एमओटी मुदतीच्या एक महिना (वजा एक दिवस) आधीपर्यंत केला तर जुनी तारीख टिकून राहते, एकही दिवस वाया जात नाही. त्याहून आधीही करता येतो. फक्त पुढच्या वर्षीची तारीख अलीकडे सरकते. घाईत भारतात निघालेल्या माणसाला हे सुचणं कठीण, हे मी समजू शकतो. पण लांबच्या सुट्टीचं तिकीट महिनोन्महिने आधी काढलेलं असतं, तेव्हा तरी एमओटीची तारीख बघून ठेवायला हवी. वाहनाचा नंबर टाकून कर आणि एमओटी दोन्हींची मुदत सरकारी संकेतस्थळावर कुणालाही, कुठूनही, फुकट बघता येते. साताऱ्यातूनही दिसते.

पूर्वी निदान काचेवर कागद असायचा. १९२१ पासून कराची गोल चकती पुढच्या काचेवर लावायची पद्धत होती. ती १ ऑक्टोबर २०१४ ला बंद झाली. चकती होती तोवर शेजारी किंवा पोस्टमन जाता-येता सांगायचा, की बाई, तुमच्या गाडीचा कर संपला. आता गाडीकडे बघून काहीच कळत नाही. कळतं ते फक्त स्वान्सीच्या डीव्हीएलएच्या, म्हणजे वाहनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या नोंदवहीला आणि नंबरपाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याला.

दोन गुन्हे, दोन वाटा

या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. कर न भरण्याचे ब्रिटनमध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि आपल्या लोकांना ते एकच वाटतात.

पहिला गुन्हा नोंदवहीतला. गाडी ज्याच्या नावावर नोंदली आहे त्या 'नोंदणीकृत ताबेदारा'ने एकतर कर भरलेला असला पाहिजे, नाहीतर गाडी रस्त्यावर नसल्याचं जाहीर केलेलं असलं पाहिजे. या जाहीर करण्यालाच सॉर्न म्हणतात. १९९८ मध्ये सॉर्न आला, आणि २००४ पासून ही जबाबदारी अखंड झाली. म्हणजे गाडी कुणी रस्त्यावर पाहिली असण्याची गरजच उरली नाही. नोंदवहीत कर नाही आणि सॉर्नही नाही, एवढं दिसलं की आपोआप ८० पौंडांच्या दंडाचं पत्र निघतं. ३३ दिवसांत भरला तर निम्मा, ४० पौंड. गाडी बंद गॅरेजात कुलूप लावून ठेवली असली तरी हे पत्र येतं.

दुसरा गुन्हा रस्त्यावरचा. कर न भरलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं, किंवा नुसती उभी करणंसुद्धा. इथे गाडी कुणीतरी पाहिलेली असते: कॅमेऱ्याने, गस्तीच्या गाडीने किंवा जॅमर लावणाऱ्याने. याचं पत्र वेगळं, रक्कमही वेगळी. कोर्टाबाहेर मिटवायचं तर ३० पौंड आणि थकलेल्या कराच्या दीडपट. कोर्टात गेलं तर १,००० पौंडांपर्यंत किंवा कराच्या पाचपट, जे जास्त असेल ते.

पहिल्या गुन्ह्याला दोन उपाय आहेत, कर भरा किंवा सॉर्न करा. दुसऱ्याला मात्र, गाडी रस्त्यावर आहे तोवर, एकच: कर भरा. सॉर्न केल्याने रस्त्यावरचा गुन्हा मिटत नाही, उलट वाढतो. कारण गाडी रस्त्यावर नाही असं तुम्ही सरकारला लिहून दिलेलं असतं आणि गाडी तर रस्त्यावरच उभी असते. त्याची तडजोडीची रक्कम ३० पौंड आणि थकबाकीच्या दुप्पट, कोर्टातली कमाल मर्यादा २,५०० पौंड.

जुलैतला सोमवार

तिचा एक सहकारी, नागपूरचा, त्याच रुग्णालयात. घराची किल्ली त्याच्याकडे होती. जुलैत तो घरात डोकावला, टपाल गोळा केलं आणि खिडकीच्या पाकिटांचे फोटो तिला व्हॉट्सअॅपवर पाठवले. दोन पत्रं महत्त्वाची होती. एक जूनमधलं, एमओटी नसल्याने कर पुढे चालू न झाल्याचं. दुसरं ८० पौंडांच्या दंडाचं, आणि त्याची ३३ दिवसांची मुदत अजून संपायची होती.

"ताई, चाळीस भरून टाकतो आत्ताच. उगाच ऐंशी कशाला?"

"भर रे बाबा. आल्यावर देते तुला."

त्याने भरले. इथवर अगदी बरोबर. पण दोघांनाही वाटलं, दंड भरला म्हणजे गाडी नीट झाली. ही समजूत मला दर दोन-तीन प्रकरणांत भेटते, म्हणून ठासून सांगतो: दंड भरल्याने कर भरला जात नाही. त्या ४० पौंडांत जूनचा, जुलैचा, कुठल्याच महिन्याचा कर नसतो. दंड वेगळा, थकबाकी वेगळी, चालू कर वेगळा. गाडी त्या क्षणीही तितकीच करहीन असते जितकी पत्र यायच्या आधी होती.

त्या मुलाने पत्र पुन्हा नीट वाचलं, आणि हे त्याच्या चांगुलपणाचंच लक्षण. पत्रात लिहिलेलं होतं, वाहनाचा कर भरा किंवा सॉर्न करा. त्याने आधी कर भरायचा प्रयत्न केला. संकेतस्थळाने नकार दिला, कारण एमओटी नाही. मग राहिला दुसरा पर्याय. नोंदणीपुस्तिकेचा, म्हणजे व्ही ५ सी या कागदाचा फोटो तिने पाठवला, त्यावरचा अकरा आकडी क्रमांक टाकून त्याने पाच मिनिटांत सॉर्न करून टाकला. या क्रमांकाने केलेला सॉर्न त्याच क्षणी लागू होतो. पडद्यावर पोचपावती आली. "झालं ताई, मिटलं सगळं."

नोंदवहीतला गुन्हा खरंच मिटला होता. पण गाडी खिडकीखाली, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या रस्त्यावर, पांढऱ्या रेघांच्या आत उभी होती.

सॉर्न फक्त खासगी जागेत उभ्या गाडीला चालतो: स्वतःचा ड्राइव्हवे, गॅरेज, कुणाच्या तरी मालकीचं आवार. रहिवाशांचा पार्किंग परवाना काचेवर लावलेला असला तरी रस्ता तो रस्ताच. परवाना कौन्सिलचा, कर केंद्राचा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. फ्लॅटच्या आवारातलं पार्किंग खासगी असतं, तिथे सॉर्न चालतो. पण बऱ्याच इमारतींच्या भाडेपट्ट्यात कर नसलेली गाडी ठेवायला मनाई असते, तेव्हा ते कलम आधी वाचावं. जुन्या चाळवजा घरांच्या ओळीत, ज्यांना दारापुढे ड्राइव्हवे नाही, अशा घरांत राहणाऱ्या आपल्या लोकांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी घरच्या घरी सॉर्न हा पर्यायच नाही. हे वाक्य माझ्या हातात असतं तर मी प्रत्येक मराठी मंडळाच्या सूचनाफलकावर लावलं असतं.

त्या सोमवारी नेमकं काय करायला हवं होतं? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सॉर्नला हात लावू नकोस, गॅरेजला फोन कर. कर नसलेली, एमओटी नसलेली गाडीसुद्धा आधी वेळ ठरवून घेतलेल्या एमओटीला नेता येते; कायद्यात तेवढी सूट आहे. मात्र चालवणाऱ्याकडे त्या गाडीचा विमा हवा. तिच्या पॉलिसीवर फक्त तिचंच नाव होतं, म्हणून नागपूरकराने स्वतः चालवली असती तर विम्याविना चालवल्याचा आणखी मोठा गुन्हा झाला असता. पण गॅरेजवाले स्वतःच्या व्यावसायिक विम्यावर गाडी घरून उचलून नेतात आणि परत आणून सोडतात. पन्नास-साठ पौंडांचा एमओटी, वर थोडे नेण्या-आणण्याचे. गाडी पास झाली की त्याच दिवशी ऑनलाइन कर भरता आला असता. जुलैच्या त्या आठवड्यात एवढं झालं असतं तर सगळा खर्च त्या ४० पौंडांवर आणि थकलेल्या कराच्या किरकोळ हिशोबावर निभावला असता.

दुसरा मार्ग होता गाडी हलवण्याचा. त्याच मुलाच्या घराला ड्राइव्हवे होता. टो ट्रकने गाडी तिथे नेऊन ठेवली असती आणि मग सॉर्न केला असता, तर सॉर्न खरा ठरला असता. आणि एप्रिलमध्येच, निघताना, ती गाडी तिथे लावून गेली असती तर जेवढे महिने ती साताऱ्यात होती तेवढ्यांचा करही लागला नसता. सॉर्न केला की डायरेक्ट डेबिट थांबतो आणि आगाऊ भरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात.

पिवळा जॅमर

ऑगस्टमध्ये एका सकाळी शेजारच्या आजींनी खिडकीतून पाहिलं, गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर आणि काचेवर मोठं स्टिकर. त्यांनी फोटो काढून नागपूरकराला पाठवला, त्याने तो साताऱ्याला. तिकडे दुपार होती. ती वडिलांना फिजिओथेरपीला घेऊन बसली होती.

जॅमर लागल्यावर घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांच्या आत सोडवली तर १०० पौंड. त्यानंतर गाडी उचलून आवारात नेतात. मग सोडवायचे २०० पौंड आणि ठेवणावळ दिवसाला २१ पौंड. शिवाय गाडीचा कर भरलेला आहे असं दाखवता आलं नाही तर मोटारीसाठी १६० पौंड अनामत. ही अनामत दंड नाही, पंधरा दिवसांत कर भरल्याचा पुरावा दिला की परत मिळते. ठरलेल्या मुदतीत गाडी कुणी नेलीच नाही तर ती मोडीत निघते किंवा विकली जाते.

चोवीस तासांत काही जमलं नाही. सोडवायला ओळखपत्र आणि गाडीचे कागद लागतात. कागद तिच्या बॅगेत, साताऱ्यात. नागपूरकराची सलग रात्रपाळी होती. दुसऱ्या दिवशी गाडी उचलली गेली. तिने तिकीट अलीकडे ओढलं आणि आली. तोवर पाच दिवसांची ठेवणावळ झाली होती: १०५ पौंड. २०० मिळवून ३०५. अनामत १६० वेगळी.

विमानतळावरून ती थेट माझ्याकडे आली, पिशवीभर कागद घेऊन. आधी आम्ही कागद तारखेप्रमाणे लावले. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण यानेच निम्मं प्रकरण सुटतं. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मी पेन्सिलीने दोनच गोष्टी लिहितो: गुन्हा नोंदवहीतला की रस्त्यावरचा, आणि उत्तराची शेवटची तारीख. तिच्या ढिगात एक सुखाची गोष्ट सापडली. विमा आपोआप नूतनीकृत झालेला होता. तो तसा नसता तर आणखी एक दंड उभा राहिला असता, कारण २०११ पासून विम्याचीही अशीच अखंड जबाबदारी आहे: कर असो वा नसो, सॉर्न नसलेल्या प्रत्येक गाडीला विमा हवाच, नाहीतर आधी सूचना आणि मग १०० पौंड.

आवारातून गाडी तिने चालवत आणली नाही. तसं करायचा मोह होतो, पण एकदा पकडलेली गाडी कराविना पुन्हा रस्त्यावर आणणं म्हणजे नवं पत्र ओढवून घेणं. गॅरेजमध्ये एमओटीची वेळ आधी ठरवली, टो ट्रक बोलावला, गाडी आवारातून सरळ गॅरेजात गेली. चार महिने उभी असल्याने बॅटरी उतरली होती आणि एका टायरला बाजूने भेगा गेल्या होत्या. टायर बदलला, गाडी पास झाली. गॅरेजच्या काउंटरवर उभ्या उभ्या तिने फोनवरून कर भरला. कर भरला की सॉर्न आपोआप रद्द होतो, वेगळं कळवावं लागत नाही. त्याच संध्याकाळी पावती पाठवून अनामतीची मागणी केली आणि ते १६० पौंड परत आले.

सप्टेंबरचं पत्र

जॅमरचे पैसे भरले म्हणजे रस्त्यावरचा गुन्हा मिटला, अशी आणखी एक समजूत असते. जॅमरचे आणि ठेवणावळीचे पैसे हे गाडी सोडवण्याचे. गुन्ह्याचं पत्र त्यानंतर सप्टेंबरमध्ये आलं: सॉर्न जाहीर केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवली. हिशोब सोपा आहे. वर्षाचा कर १९५, म्हणजे महिन्याला १६ पौंड २५ पेन्स. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ४८ पौंड ७५ पेन्स. त्याची दुप्पट ९७ पौंड ५० पेन्स, अधिक ३०. एकूण १२७ पौंड ५० पेन्स.

सॉर्न केलाच नसता, तर याच तीन महिन्यांची दीडपट धरून रक्कम सुमारे १०३ पौंड झाली असती. फरक २४-२५ पौंडांचा, म्हणजे खिशाला फार नाही. खरा फरक होता तो कोर्टातल्या कमाल मर्यादेचा, १,००० ऐवजी २,५००. मदतीला धावलेल्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तिने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही, हे मला फार आवडलं.

आम्ही उत्तर लिहिलं. माझी पद्धत अशी: पहिल्या परिच्छेदात वाहन क्रमांक, पत्राचा संदर्भ क्रमांक आणि आज गाडीची स्थिती काय आहे ते. कर भरला, एमओटी झाला, तारखांसह. दुसऱ्यात काय घडलं ते, विशेषणं न वापरता. तिसऱ्यात विनंती. सोबत विमानाची तिकिटं, वडिलांच्या रुग्णालयातून सोडल्याचा कागद, ४० पौंडांची पावती, सॉर्नची पोचपावती, कराची पावती. मूळ कागद कधीच पाठवायचे नाहीत, प्रतीच पाठवायच्या. "मी कायद्याचं पालन करणारी नागरिक आहे", "मला खूप मनस्ताप झाला" ही वाक्यं मी खोडतो. वाचणाऱ्या कारकुनाला त्यातून ठरवण्याजोगं काही मिळत नाही. तो तारखा आणि पुरावे बघतो.

रक्कम कमी झाली नाही. आजारपणाचा विचार केला, पण गाडी रस्त्यावर होती हे मान्यच असल्याने तडजोडीची रक्कम कायम, असं उत्तर आलं. तिला वाईट वाटलं, मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. गाडी विकलेली असती, चोरीला गेलेली असती, किंवा त्या तारखेला खरोखर खासगी जागेत असती, तर पुराव्याने पत्र रद्द झालं असतं. परिस्थिती कठीण होती हे कारण मात्र गुन्हा पुसत नाही, फार तर पुढचा व्यवहार सौम्य करतं. मी तिला भरायला सांगितलं आणि तिने मुदतीत १२७ पौंड ५० पेन्स भरले.

हट्टाने न भरता कोर्टात जाऊन बाजू मांडावी, असं मंडळातल्या एका ज्येष्ठांचं मत होतं. मला ते पटलं नाही, आणि का ते सांगायला हवं. असे खटले २०१५ पासून 'सिंगल जस्टिस प्रोसीजर'ने चालतात. टपालाने सूचना येते, २१ दिवसांत गुन्हा मान्य की अमान्य ते कळवायचं, आणि मग एकच मॅजिस्ट्रेट, सोबत कायदेशीर सल्लागार, कागद बघून निकाल देतो. उत्तर आलं नाही तर आरोपीच्या अनुपस्थितीतच दोषी ठरवता येतं. आजारी, वृद्ध, दुःखात असलेल्या माणसांनी लिहिलेली गयावया करणारी पत्रं त्या फायलीत असतात. पण खटला भरणाऱ्या खात्याच्या नजरेला ती पडतच नाहीत, म्हणून "हा खटला मागे घेऊ या" असं म्हणणारं तिथे कुणी नसतं. वर्तमानपत्रांनी अशी कितीतरी प्रकरणं उजेडात आणली, आणि २०२४ मध्ये मॅजिस्ट्रेट्स असोसिएशननेच ही पद्धत सुधारा, खटला भरणाऱ्यांना सगळी पत्रं आधी वाचू द्या, अशी मागणी केली. मला ती मागणी अगदी रास्त वाटते. तोवर मात्र, ज्याची बाजू पुराव्याने भक्कम आहे त्याने जरूर गुन्हा अमान्य करून सुनावणी मागावी. ज्याची बाजू फक्त दुःखाची आहे त्याने तडजोडीच्या टप्प्यावरच थांबावं.

आपल्या लोकांना आणखी एक धोका आहे. कोर्टाने ठोठावलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. व्हिसा वाढवताना, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना, नागरिकत्व मागताना दोषसिद्धीचा प्रश्न येतोच, आणि तिथे लपवाछपवी केली तर मूळ दंडापेक्षा ते लपवणंच जास्त महागात पडतं. हजारो मैलांवर असताना दाराआड पडलेल्या पाकिटातून एवढं उभं राहू शकतं. म्हणून लांबच्या मुक्कामाला जाताना घराची किल्ली कुणाकडे तरी द्यावी, आणि त्या माणसाला सांगून ठेवावं की सरकारी पाकीट आलं तर त्याच दिवशी उघड, प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूचाही फोटो पाठव, पण मला विचारल्याशिवाय कुठलाही अर्ज भरू नकोस.

पत्त्याचंही तसंच. घर बदललं की लोक लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि नोंदणीपुस्तिकेवरचा विसरतात. दोन्ही वेगवेगळे कळवावे लागतात, आणि सगळे दंड पुस्तिकेवरच्या पत्त्यावर जातात. गाडी विकून भारतात कायमचे परतणाऱ्यांनी विक्री त्याच दिवशी ऑनलाइन कळवावी. २०१४ पासून उरलेला कर नव्या मालकाकडे जात नाही, तुमच्या पूर्ण महिन्यांचे पैसे तुम्हाला परत येतात. पण कळवलंच नाही तर पुढच्या मालकाने थकवलेल्या कराची पत्रंही तुमच्याच नावाने निघत राहतात. चार आठवड्यांत विक्रीची पोच आली नाही तर विचारणा करावी आणि ती पोच जपून ठेवावी.

तिचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज या वसंतात भरायचा होता. कागदपत्रं लावायला ती पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा तिची पहिली शंका हीच होती की ही गाडीची भानगड कुठे लिहायची. प्रकरण तडजोडीवर मिटलं होतं, कोर्टापर्यंत गेलंच नव्हतं, दोषसिद्धी नव्हती. दोषसिद्धीच्या प्रश्नापुढे तिने 'नाही' अशी खूण केली, आणि आम्ही पुढच्या पानाकडे वळलो.